गेम वाचणारी

आमच्या घरात कोणी थाप मारली की त्याला ‘गेम वाचणं’ म्हणतात. बियाण्याच्या कंपनीचा माणूस दुकानात येऊन यंदा कपाशीला दुप्पट बोंडं लागतील असं सांगू लागला की मोठेबाबा माझ्या बाबांकडे पाहून म्हणणार, गेम वाचून राह्यला. दुधात थेंबभर पाणी नाही असं गवळी शपथेवर सांगतो, तेव्हा तोही गेमच वाचत असतो. हा वाक्प्रचार कुठल्याही कोशात सापडायचा नाही. तो कारंज्यात, हायवेला लागून असलेल्या आमच्या दुकानामागच्या खोल्यांमध्ये जन्मला, आणि माझ्यामुळे जन्मला. लोक विचारतात, तुला लाज नाही का वाटत? नाही वाटत. मी गेम वाचला होता आणि बरोबर वाचला होता. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी मी कान पकडीन म्हणून कोणी वाट बघत बसायला नको.

घरातली माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. दुकान मोठेबाबांचं आणि बाबांचं, किराणा आणि बी-बियाण्याचं. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. घरात शब्द त्यांचा. मोठी आई त्यांची बायको. दादा त्यांचा मुलगा, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. मी बाबांची एकुलती एक. माझी आई स्वयंपाकघरात असायची आणि कुठल्याच भांडणात पडायची नाही, म्हणून ती या गोष्टीत फारशी येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, मी सातवीत असताना, मोठेबाबा माल आणायला नागपूरला गेले आणि बर्डीच्या बाजारातून दादासाठी टीव्ही गेम घेऊन आले. पांढरा-लाल डबा, त्याला वायरीनं जोडलेले दोन रिमोट, आणि वरच्या खाचेत खुपसायच्या पिवळ्या कॅसेट. कॅसेट चालली नाही की काढायची, तोंडानं फुंकायची, पुन्हा लावायची. फुंकण्यानं काय होतं हे कोणालाच माहीत नव्हतं, पण फुंकल्याशिवाय कोणी लावत नव्हतं. त्यातल्या एका कॅसेटवर नाव नव्हतं, नुसतं छत्री घेतलेल्या एका पोराचं चित्र होतं. बाकीच्या कॅसेट आम्ही थोड्याच दिवसांत विसरलो. ही पुरली.

छत्रीवाला पोरगा डावीकडून उजवीकडे पळायचा. कौलांवरून उड्या, हलत्या फळ्या, खाली खड्डे आणि विहिरी. उडी मारून छत्री उघडली की तो हळूहळू खाली उतरायचा. पडला की मेला, आणि तीनदा मेला की सगळं पहिल्यापासून. एकेका टप्प्याला आम्ही गाव म्हणायचो. गाव संपलं की एक दार यायचं, दारात एक म्हातारी बसलेली असायची, आणि तिच्या डोक्यावर चौकट उघडून त्यात बारीक अक्षरं उमटायची. ती अक्षरं इंग्रजी नव्हती. दादा आणि शेजारचे पोट्टे त्यांना चिनी म्हणायचे आणि धडाधड बटणं दाबून चौकट बंद करायचे.

मला दुसरा रिमोट मिळायचा. पहिल्या रिमोटवर मधोमध दोन लहान बटणं होती, गेम सुरू करायचं आणि मधेच थांबवायचं. दुसऱ्यावर ती नव्हतीच. दुसरा रिमोट धरणाऱ्यानं कशाचीच सुरुवात करायची नाही, असं बनवणाऱ्यानंच ठरवून टाकलं होतं. त्यात छत्रीवाल्याच्या गेममध्ये खेळायला एकच पोरगा, म्हणजे दुसऱ्या रिमोटला कामच नाही. तरी दादानं मला सांगितलं होतं की वरचे ढग तुझ्या रिमोटनं चालतात. मी कितीतरी दिवस ढग चालवले. एकदा पाहिलं तर माझी वायर डब्यातून निसटलेली, आणि ढग आपले चाललेलेच. मला भयंकर राग आला. मी रिमोट खाली ठेवला आणि परत कधी हातात घेतला नाही.

त्याच दिवशी, पहिलं गाव संपून म्हातारी आली, चौकट उघडली, दादाचा अंगठा बटणावर गेला आणि मी म्हणाले, ‘थांब. मले वाचू दे.’

सगळे माझ्याकडे वळले. तुला चिनी येतं का, असं दादानं विचारलं. मी म्हणाले, हे चिनी नाहीच, जपानी आहे, आणि मला येतं.

आता हे मी हवेतून काढलं नव्हतं. थोड्याच दिवसांपूर्वी शाळेची सहल सेवाग्रामला गेली होती. आश्रम पाहून झाल्यावर आम्हाला वर्ध्याच्या पांढऱ्या स्तूपाकडे नेलं. तिथे एक जपानी भिक्षू हातपंख्यासारखी चपटी ढोलकी वाजवत बसला होता, आणि ढोलकीच्या कातड्यावर काळ्या शाईनं अक्षरं लिहिलेली होती. बाकीच्या मुली डबे उघडून बसल्या, मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं एका अक्षरावर बोट ठेवून काहीतरी सांगितलं. मी मान हलवली. त्यानंही हलवली. पुढे मी दादाला सांगितलं की मला भंतेजींनी शिकवलं, त्यावरून घरात बराच गदारोळ झाला. पण शिकवणं म्हणजे याहून वेगळं काय असतं? आणि अक्षरं जपानीच निघाली. सगळी गल्ली चिनी म्हणत होती तेव्हा जपानी म्हणणारी मी एकटी होते. त्याचं श्रेय मला अजून कोणी दिलेलं नाही.

तर मी चौकटीकडे नीट पाहिलं आणि वाचलं, ‘म्हातारी म्हनते, काऊन घाई बे? पानी पी, मंग जा.’

पोट्टे हसून लोळले. कारण हे वाक्य कारंज्यात सगळ्यांना पाठ होतं. ते मोठ्या आईचं होतं. आमच्या दुकानाला लागून हायवेच्या बाजूला एक खोली आहे, तिला आम्ही समोरची खोली म्हणतो. सकाळची जेवणं उरकली की मोठी आई त्या खोलीच्या दारात सूप घेऊन बसायची ती दिवे लागेपर्यंत. तूर पाखडायची, हरभरा निवडायचा, पुरुष जेवायला गेले की दुकानावर लक्ष ठेवायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, मग तो ट्रकवाला असो की पोस्टमन, आधी पाणी प्यायला लावायचं. खोलीची किल्ली तिच्या कमरेला. हायवेवरून सगळी दुनिया नागपूरला आणि अमरावतीला जात होती आणि ती दारातून बघत होती. ती स्वतः कुठे गेलेली मला आठवत नाही.

त्या दिवसापासून माझ्यावाचून गेम पुढे सरकेना. म्हातारी दिसली की दादा स्वतःच रिमोटवरून हात काढायचा आणि म्हणायचा, वाच वं. दुसऱ्या गावात म्हातारी म्हणाली, डावीकडे नको जाऊ, तिकडं कुत्रं हाय. तिसऱ्यात तिनं पोराला त्याच्या बापाचं नाव विचारलं. चौथ्यात ती कोणावर तरी रुसली होती आणि काही बोललीच नाही, नुसतं ‘जाय’ म्हणाली. चौकटीत अक्षरं पुष्कळ होती, पण रुसलेलं माणूस मनातल्या मनात बोलतं, असं मी समजावून सांगितलं.

सहाव्या गावात आम्ही अडकलो. पुढे जायला रस्ताच नव्हता. समोर उंच भिंत, खाली विहीर, आणि विहिरीत पडलं की मरण हे पहिल्या दिवसापासून ठाऊक. दादा भिंतीवर आपटून आपटून थकला. तिथे मधेच एक म्हातारी बसलेली होती. मी वाचलं, ‘म्हातारी म्हनते, विहिरीत उडी मार. भिऊ नोको.’ दादा म्हणाला, पोरगा मरन ना. मी म्हणाले, मी नाही म्हणत, ती म्हणते. त्यानं डोळे मिटले, उडी मारली, छत्री उघडली. पोरगा विहिरीतून खाली खाली उतरत गेला आणि तळाशी एक भुयार निघालं. भुयाराच्या पलीकडे सातवं गाव. त्या दिवशी शेजारच्या पोट्ट्यांनी मला आपल्या पैशानं बर्फाचा गोळा खाऊ घातला.

शेवटचं गाव आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत गाठलं. गेम संपला. शेवटच्या चित्रात दारात दोघं उभे होते, पोरगा आणि म्हातारी, आणि छत्री पोराच्या हातात नव्हती, म्हातारीच्या हातात होती. चौकट मोठी उघडली. मी खूप वेळ पाहत राहिले, कारण शेवटचं आपण उगाच काहीतरी वाचायचं नाही हे मला कळत होतं. मग वाचलं, ‘म्हातारी म्हनते, लय दिवस बसली मी दारात. आन ती छत्री इकडे. आता मी जातो.’

आमच्याकडे बाईमाणूसही ‘मी जातो’ म्हणते, त्यात काही नवल नाही. नवल दादाला दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. इतके दिवस आपण पोराला मरून मरून इथवर आणलं, आणि शेवटी ही म्हातारी छत्री घेऊन जाणार? मग पोरानं काय करायचं? दारात बसायचं, मी म्हणाले. दादा भडकला. ही खोटं वाचते, हिला काही येत नाही, असं ओरडत तो घरभर फिरला. विहिरीची मी आठवण करून दिली, ते कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी डब्यातले शेंगदाण्याचे लाडू कमी झाले, आणि मी घेतले नाहीत असं मी म्हणाले, तेव्हा मोठी आई हसत म्हणाली, ‘काय वं, गेम वाचून राह्यली का?’

ती गमतीत म्हणाली. पण शब्द असा चिकटला की निघता निघेना. दहावीचा निकाल मी शाळेत पाहून आले आणि सांगितला, तर मोठेबाबांनी बाबांना शाळेत पाठवलं आणि मगच पेढे आणले. बघायला आलेल्या पाहुण्यांनी मुलाची नोकरी पक्की असल्याचं सांगितलं आणि मी म्हणाले पक्की वाटत नाही, तेव्हाही मी गेमच वाचत होते. नोकरी पक्की नव्हती. पण तेव्हा कोणी म्हणालं नाही की पोट्टी बरोबर वाचते. हा शब्द वापरायला सगळ्यांना आवडायचं, कारण तो वापरला की माझं पुढचं ऐकावं लागत नसे.

पुढे मी संगणकावर मराठी टाइप करायला शिकले आणि आर्वीच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करून मांडायला जाऊ लागले. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. अक्षरं कशी बसवायची, लांबलचक आडनावं एका ओळीत कशी मावतील, रुसणाऱ्या आत्याचं नाव कुठे टाकायचं, हे सगळं मला जमलं. कारंज्याचे लोक पत्रिका छापायला आर्वीला नाहीतर नागपूरला जात होते. मला वाटलं, समोरची खोली हायवेवर आहे, तिथे एक संगणक आणि एक प्रिंटर ठेवला तर ही सगळी माणसं माझ्याकडे येतील. घरासाठी एक जुना संगणक मी माझ्या पगारातून आणलाही होता, तो तांदळाच्या पोत्यांमागे होता. मला फक्त ती खोली पाहिजे होती. दुसरं काही मी त्या घरात कधी मागितलं नाही. मोठेबाबा म्हणाले, दिवाळीत दादा येईल तेव्हा पाहू.

दादा तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दिवाळीत तो लॅपटॉप घेऊन आला. लक्ष्मीपूजन झाल्यावर त्यानं सगळ्यांना बोलावलं, लॅपटॉप दिवाणावर ठेवला आणि म्हणाला, बघा काय आणलंय. पडद्यावर छत्रीवाला पोरगा उभा होता. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तीच कौलं, तेच ढग. दादानं समजावलं की जगभरात या जुन्या गेमांचे वेडे लोक आहेत, ते गेम उघडून आतलं बदलतात, आणि कोणीतरी हौसेनं यातली सगळी जपानी अक्षरं काढून तिथे इंग्रजी घातलंय. ‘आता कळेल म्हातारी काय म्हणत होती,’ तो म्हणाला. तोवर तो आमचं मले-तुले सोडून पुण्याचं मला-तुला करायला लागला होता.

त्यानं खेळायला सुरुवात केली आणि एकेक चौकट मराठीत सांगत गेला. पहिल्या गावातली म्हातारी म्हणत होती, छत्री उघडण्यासाठी बटण दाबून ठेवा. दुसरी म्हणत होती, शाबास, पुढे जा. तिसरी, फळ्या हलतात, सांभाळा. प्रत्येक चौकटीला घर हसत होतं. मोठेबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मोठी आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. सहाव्या गावात विहिरीकाठची म्हातारी म्हणाली, विहिरीपासून दूर राहा, धोका आहे.

मी दादाला विचारलं, मग तू उडी का मारली होतीस? तू सांगितलं म्हणून, तो म्हणाला. ‘खरं वाचलं असतं तर तू अजून त्या विहिरीच्या काठावर बसून राह्यला असता,’ मी म्हणाले. बाहेर फटाक्यांची लड चालली होती. माझं वाक्य त्यात गेलं.

शेवटची चौकट उघडली. दादानं सांगितलं, मुलानं आजीची छत्री परत केली, खेळल्याबद्दल आभारी आहोत. मी म्हणाले, परत केली ना? मग छत्री हातात आल्यावर म्हातारी काय घरात बसेल? छत्री कशासाठी असते? पण आता घरातलं कोणी थांबायला तयार नव्हतं. मोठेबाबांनी डोळे पुसले आणि त्याच हसण्यात सांगून टाकलं, ‘पत्रिकेच्या दुकानाचं बी हिचं असंच हाय. गेम वाचनं.’ समोरची खोली दादाच्या ओळखीच्या एका मोबाइलवाल्याला उन्हाळ्यानंतर द्यायची ठरली. मी मागच्या अंगणात जाऊन रडले. वाईट वाटून नाही, रागानं. त्यांनी मला नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी मला ऐकलंच नव्हतं.

दादा परत जायच्या आधी मी त्याच्याकडून तो गेम पेन ड्राइव्हवर मागून घेतला. काय करणार म्हणून त्यानं विचारलं. दुरुस्त करणार, मी म्हणाले.

तो सगळा हिवाळा मी पोत्यांमागे बसून काढला. लाईन, म्हणजे वीज, असली की काम, गेली की विचार. बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत जाऊन मी गेम उघडायचे प्रोग्राम उतरवून आणले. आत पाहिलं तर प्रत्येक अक्षर एका चिमुकल्या चौकोनात बसवलेलं, आडवे आठ ठिपके आणि उभे आठ ठिपके. तेवढ्यात मराठी अक्षर बसवायचं. अक्षर बसेल हो, पण वेलांटी आणि मात्रा कुठे टाकणार? इंग्रजी करणाऱ्याला ही अडचण आलीच नसणार. मग नेटवरून जुना, मूळ जपानी गेम काढून पाहिला आणि मला हसू फुटलं. जपानी अक्षरांच्या डोक्यावर कधीकधी दोन बारीक रेघा येतात, आणि त्या रेघांसाठी प्रत्येक ओळीच्या वर एक रिकामी ओळ सोडलेली होती. माझ्या वेलांट्या तिथे अशा बसल्या की घर त्यांच्यासाठीच बांधलं होतं. भंतेजींनी मान हलवली होती ती उगाच नव्हे.

खाली मात्र जागा नव्हती. म्हणजे उकार नाही. ‘तू’ लिहिता येईना, ‘तुले’ लिहिता येईना. ‘मी’ आणि ‘मले’ तेवढे छान बसत होते. दुसऱ्या गावातल्या कुत्र्याचा उकार काही केल्या मावेना, म्हणून मी तिथे वाघ केला. चित्रात कुत्रं आणि चौकटीत ‘तिकडे वाघ हाय’. आमच्या जिल्ह्यात वाघ असतातच, कोणाला ते खटकायचं कारण नाही. ‘काऊन’ चपखल बसला. ‘भिऊ नोको’ बसला. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं बसलं. त्यात एकही उकार नव्हता. सातवीतल्या पोरीनं ते वाचलं तेव्हा तिला चौकोनांचं काही माहीत नव्हतं, तरी एक अक्षर बदलावं लागलं नाही.

एक गोष्ट मला येत नव्हती. गेम संपला की तो पुन्हा पहिल्या गावापासून सुरू व्हायचा. मला तिथे पोराच्या जागी म्हातारी पाहिजे होती, छत्री घेऊन पळणारी, आणि दारात बसलेला पोरगा. या वेड्यांची इंटरनेटवर एक चावडी होती, तिथे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. कुठल्याशा देशातल्या एका माणसानं कसं करायचं ते बैजवार लिहून पाठवलं, आणि खाली जोडलं की तुमचं भाषांतर मात्र चुकीचं आहे, मुळात असं काही लिहिलेलं नाही. मी त्याचे आभार मानले आणि कळवलं, की मुळातलं चुकीचं आहे, विहिरीचं एकदा तपासून पाहा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दादा आला. दुपारी जेवणं झाल्यावर मी त्याला पोत्यांमागच्या संगणकासमोर बसवलं आणि म्हणाले, खेळ. पहिल्या चौकटीशीच तो मोठ्यानं हसला. मग मोठ्यानं वाचायला लागला. बाबा आले, आई दारात येऊन उभी राहिली, मोठेबाबा पेपर घेऊन खाटेवर टेकले. मोठी आई समोरच्या खोलीतून सूप घेऊन आली आणि पोत्यावर बसली, कान इकडे आणि हात हरभऱ्यात. विहिरीपाशी दादा थांबला. माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि उडी मारली. भुयार निघालं. त्याच्या हातात अजून तीच सफाई होती, हे मी मान्य करते.

शेवटच्या गावापर्यंत पोचायला त्याला वेळ लागला, पण उठून कोणी गेलं नाही. मोठी चौकट उघडली. दादानं ती मनातल्या मनात वाचली. मग एवढंच म्हणाला, की ‘जाते’ पाहिजे, ‘जातो’ नाही. पुण्याचं पाहिजे तर पुण्याची म्हातारी आण, मी म्हणाले.

मोठ्या आईनं मला विचारलं, ‘काय म्हनते वं म्हातारी?’

मी म्हणाले, ‘तूच वाच.’

ती चौथी शिकलेली. पोथी वाचायची, तीही बोटानं. तिनं हात पदराला पुसले, उठून पडद्याजवळ आली आणि अक्षरांखाली बोट धरलं. तिनं एकेक अक्षर लावून वाचलं. लय. दिवस. बसली. मी. दारात. तिथे तिचं बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आता सलग.

पेपरमागून मोठेबाबा सवयीनं म्हणाले, ‘आता तू बी गेम वाचून राह्यली का?’

‘हो,’ मोठी आई म्हणाली. तिनं मान वळवली नाही. ‘वाचून राह्यली. लिहून हाय इथी.’

कोणी हसलं नाही. मोठ्या आईनं उरलेलं वाचलं. आन ती छत्री इकडे. आता मी जातो. मग तिनं कमरेचं जुडगं काढलं, त्यातली समोरच्या खोलीची किल्ली वेगळी केली आणि कीबोर्डच्या बाजूला माझ्यासमोर ठेवली. ‘उद्यापासून समोर ही बसन,’ ती मोठेबाबांना म्हणाली. ‘मी नाई बसत आता.’ मोठेबाबांनी पेपर खाली केला, किल्लीकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. मोबाइलवाल्याला काय सांगायचं, असं काहीतरी ते पुटपुटले. मी किल्ली उचलली.

पडद्यावर पहिलं गाव पुन्हा सुरू झालं होतं. रस्त्याच्या तोंडाशी म्हातारी छत्री घेऊन उभी होती. मोठ्या आईनं दादाच्या खांद्याला धक्का देऊन त्याला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसली, आणि मला विचारलं, ‘उडीचं बटन कोनतं वं?’